व्हिक्टोरियन कादंबऱ्या ‘क्रमशः’ पाठवणारं अ‍ॅप: घ्यावं की नाही? (लांबलचक रिव्ह्यू)

अ‍ॅपचं नाव लिहीत नाहीये, कारण पुढे बऱ्याच तक्रारी आहेत आणि मला कुणाशी भांडत बसायचं नाही. सर्व्हिस तशी साधी आहे. १९व्या शतकातली एखादी इंग्रजी कादंबरी निवडायची, आणि ती तेव्हा जशी तुकड्यातुकड्यांत छापून आली तशीच, त्याच तुकड्यांत आणि तेवढ्याच अंतराने तुमच्या फोनवर येते. मूळ मासिक भागांत आली असेल तर महिन्याला एक भाग, साप्ताहिकात आली असेल तर आठवड्याला. मधे तुमचा जीव कितीही वरखाली झाला तरी पुढचं पान उघडत नाही. सोबत मूळ चित्रं, कव्हरं, त्या काळच्या जाहिराती, समासात टिपा आणि ऑडिओ.

माझं मत आधीच सांगून टाकते म्हणजे ज्यांना घाई आहे ते सुटतील. डिकन्स, थॅकरे आणि विल्की कॉलिन्स यांच्यासाठी नक्की घ्या. ब्राँटे बहिणी आणि जॉर्ज एलियटसाठी घेऊ नका, घेतलंत तर मी खाली सांगतेय ती सेटिंग्ज बदलून घ्या. कारण असं की डिकन्सच्या ज्या गोष्टींना आपण ‘शैली’ म्हणतो, म्हणजे तीच तीच पालुपदं, अतिशयोक्त माणसं, योगायोग, प्रकरणाच्या शेवटी धक्का, त्या सगळ्या वाट बघणाऱ्या वाचकासाठी घडवलेल्या आहेत. नऊशे पानांचा ठोकळा एका दमात वाचायला घेतला की हेच सगळं फापटपसारा वाटतं, आणि मग माणूस म्हणतो डिकन्स बोअर आहे. भागाभागाने वाचला की कळतं की प्रत्येक स्क्रू कशासाठी बसवलाय.

थोडा हिशोब सांगते कारण हिशोबाशिवाय हे तंत्र समजत नाही. तेव्हा नवी कादंबरी तीन खंडांत यायची आणि तिची किंमत साडेएकतीस शिलिंग, जी सामान्य माणसाच्या आवाक्यातच नव्हती. १८३६ मध्ये चॅपमन अँड हॉलने डिकन्सचं ‘पिकविक’ महिन्याला एक शिलिंग अशा भागांत काढलं, पुढे ठरलेला साचा म्हणजे ३२ पानं मजकूर, दोन चित्रं, पातळ रंगीत कव्हर. वीस भाग, त्यातले शेवटचे दोन एकत्र, म्हणजे एकोणीस महिन्यांत एक एक शिलिंग करत वीस शिलिंगात अख्खी कादंबरी घरात. हे भारीच होतं, पण लेखकाची पंचाईत बघा ना. वाचकाने मागचा भाग चार आठवड्यांपूर्वी वाचलाय, मधे त्याचं घर, धंदा, आजारपण सगळं झालंय, आणि कादंबरीत माणसं आहेत पन्नास. त्याला कोण कोण होतं हे आठवणार कसं?

म्हणून ती पालुपदं. ‘डेव्हिड कॉपरफील्ड’मधला मिकॉबर दरवेळी म्हणतो की काहीतरी होईलच, कुठूनतरी मार्ग निघेल, आणि युराया हीप दरवेळी आपण किती नम्र, किती लहान माणूस ते सांगत हात चोळतो. ‘डॉम्बी अँड सन’मधला कार्कर आला की आधी त्याचे दात येतात आणि मग तो. ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’मधला वकील जॅगर्स बोट चावतो, अशील गेला की सुगंधी साबणाने हात धुतो, आणि त्याच्या कारकुनाचं, वेमिकचं तोंड म्हणजे पत्रपेटीची फट. पुस्तकात हे तीन दिवसांत दहा वेळा वाचलं की डोकं उठतं. महिन्याने वाचलं की दात दिसल्यादिसल्या आपण म्हणतो, अरे हा तो! मला तर काही भागांत नाव यायच्या आधीच माणूस ओळखता यायला लागला, आणि त्यातली मजा मला पुस्तकात कधी मिळाली नव्हती. शिवाय हे नुसतं स्मरणासाठी नाही, वेमिकची ती फट ऑफिसात घट्ट होते आणि घरी जाता जाता सैल होत जाते, म्हणजे ओळखीची खूण हीच त्या माणसाची गोष्ट होऊन बसते.

आता ‘ब्लीक हाउस’. या सर्व्हिसवर मी पैसे वसूल झाले असं म्हणते ते याच्या जिवावर. मार्च १८५२ ते सप्टेंबर १८५३. पहिलाच शब्द ‘लंडन’ आणि पूर्णविराम. मग कर्ता-क्रियापद नसलेली अर्धी अर्धी वाक्यं, चिखल, धूर, रस्त्यावरून एखादा मेगॅलोसॉरस चालत आला तरी नवल वाटू नये असं हवामान, आणि मग धुकं. धुकं नदीवर, धुकं खाली, धुकं बोटींच्या दोरखंडांत, धुकं म्हाताऱ्यांच्या घशात, आणि सगळ्यात दाट धुकं कुठे तर चॅन्सरी कोर्टात, जिथे एक वारसाहक्काचा खटला पिढ्यानपिढ्या चाललाय. एकच शब्द वाक्याच्या तोंडाशी ठेवून ठोकत राहायची ही युक्ती तो सगळीकडे वापरतो, पण इथे डिकन्स वर्णनाच्या नावाखाली अख्ख्या कादंबरीचा आरोप पहिल्या दोन पानांत वाचून मोकळा होतो.

आणि निवेदक दोन. एक कोण आहे कळतच नाही, तो वर्तमानकाळात बोलतो, सगळीकडे फिरतो, उपरोधाने बोलतो, त्याला शहर वरून दिसतं. दुसरी एस्थर समरसन, भूतकाळात, मऊ आवाजात, आपण किती साध्या आहोत ते सांगत सांगत सगळं बारकाईने टिपणारी. पहिल्या भागात दोन प्रकरणं त्याची आणि दोन तिची. दोघांना एकमेकांचा पत्ता नाही, पण वाचकाला दोघांचं माहीत होत जातं, आणि दोन्ही बाजूंचे धागे जुळवायचं काम लेखकाने आपल्यावर टाकलंय. दुसऱ्याच प्रकरणात लेडी डेडलॉक कोर्टाच्या कागदावरचं हस्ताक्षर बघून सहज विचारते की ही नक्कल कुणी केली. बस, एक वाक्य. तेव्हाच्या वाचकाने त्या एका वाक्यावर किती महिने काढले असतील विचार करा, मी पण काढले, आणि घरच्यांना पकवलं ते वेगळं.

सगळ्यात खतरनाक म्हणजे दहावा भाग, डिसेंबर १८५२ चा. भंगार-कागद विकणारा म्हातारा क्रूक, ज्याला गल्लीतले लोक चेष्टेने लॉर्ड चॅन्सेलर (म्हणजे चॅन्सरी कोर्टाचा मुख्य न्यायाधीश) म्हणतात, तो दुसऱ्या भागापासून आपल्याला माहीत आहे. रात्री दोघं जण त्याच्या वरच्या खोलीत मध्यरात्र व्हायची वाट बघत बसलेत. काजळी उडतेय. कुठेतरी चॉप्स करपल्याचा वास. खिडकीच्या कठड्यावर हात ठेवला तर हाताला पिवळट चिकट काहीतरी. डिकन्स काही सांगत नाही, फक्त वास, चिकटपणा, काजळी देत राहतो आणि ती दोघं गल्लीतल्या खानावळीला दोष देत राहतात. मग बारा वाजता खाली जातात आणि मांजर फिस्कारतेय आणि म्हातारा आपोआप पेटून जळून गेलाय. शेवटच्या परिच्छेदात निवेदक वळून सांगतो की हा त्या गल्लीतला चॅन्सेलर, पण सगळ्या सडलेल्या सत्ता अशाच आतल्या आत जळून मरतात. भाग संपला. महिनाभर गप्प बसा.

यावर जी. एच. ल्यूइस या समीक्षकाने तेव्हाच हरकत घेतली होती की माणूस असा आपोआप पेटत नाही, हे विज्ञानाला धरून नाही, आणि डिकन्सने पुढच्या भागात टोमणे मारले, नंतर प्रस्तावनेत पण वाद घातला. विज्ञानात ल्यूइस बरोबर होता, पण कादंबरीत? मला तिथे डिकन्सच जिंकलेला वाटतो. अ‍ॅपने हा सगळा वाद त्या भागाच्या नंतर, वेगळ्या पानावर दिलाय, हे उत्तम. भाग चालू असताना तोंड खुपसत नाहीत हे या एकाच ठिकाणी जमलंय त्यांना.

त्यांनी अजून एक गोष्ट दिलीय ती म्हणजे डिकन्सच्या कामाच्या चिठ्ठ्या. प्रत्येक भागासाठी तो एक कागद घ्यायचा, डाव्या बाजूला स्वतःलाच प्रश्न, अमक्याला या भागात आणू का, तमकं आत्ता सांगू का, आणि पुढे हो, नाही, पुढच्या वेळी. उजव्या बाजूला प्रकरणांची नावं आणि त्यात काय होणार ते. ‘डॉम्बी’पासूनचे हे कागद शिल्लक आहेत. ज्यांना वाटतं की तो मनात येईल तसं लिहीत सुटायचा, त्यांनी एकदा बघाच. आणि त्याला शब्दावर पैसे मिळायचे म्हणून तो लांबण लावायचा हे जे सगळीकडे फिरतं ते पण खोटं आहे, भाग ३२ पानांचाच असायचा, उलट जास्त झालं की प्रुफांत कापावं लागायचं.

चित्रं ठीकठाक स्कॅन केलीत. हॅब्लट ब्राउन म्हणजे फिझ, त्याची ‘ब्लीक हाउस’साठीची ती काळपट चित्रं फोनच्या स्क्रीनवर नुसता डाग दिसतात, टॅबवर बघा. जाहिराती मात्र धमाल आहेत, शिंप्यांच्या, गोळ्यांच्या, केसांच्या तेलाच्या, आणि करुण प्रसंग वाचून डोळे पुसतोय तोवर पुढच्या पानावर ई. मोझेस अँड सनचे कोट. मूळ वाचकाला हे असंच मिळत होतं.

थॅकरेचं ‘व्हॅनिटी फेअर’ (जानेवारी १८४७ ते जुलै १८४८) यांनी फार नीट मांडलंय. पुस्तकात सुरुवातीलाच ‘पडद्याआधी’ असं एक छोटं मनोगत असतं ना, ज्यात लेखक म्हणजे जत्रेतल्या बाहुल्यांच्या खेळाचा मॅनेजर होऊन बोलतो, ते प्रत्यक्षात लिहिलं गेलं सगळ्यात शेवटी, जून १८४८ मध्ये, आणि शेवटच्या भागासोबत आलं. म्हणजे मूळ वाचकाने दीड वर्ष बेकी शार्पला हाडामांसाची बाई समजून तिच्यावर चिडून, तिच्यावर खूश होऊन घेतलं आणि मग लेखक म्हणाला, बाहुली होती. आपण पुस्तकात हे आधीच वाचतो आणि पूर्ण कादंबरी बाहुल्या बघत बसतो. अ‍ॅपने ते शेवटीच ठेवलंय, आणि एवढ्या एका बदलाने कादंबरी वेगळी लागते.

शिवाय वॉटर्लू. थॅकरे युद्ध दाखवतच नाही, ब्रसेल्समध्ये मागे राहिलेल्या बायका, अफवा, घोड्यांचे भाव, पळापळ एवढंच दाखवतो, विनोदी अंगाने. आणि प्रकरणाच्या, आणि त्या भागाच्याही, शेवटच्या वाक्यात अंधार पडतो, अमेलिया नवऱ्यासाठी प्रार्थना करतेय, आणि नवरा मैदानात पालथा पडलाय, छातीत गोळी. मृत्यूसाठी वाक्याचं शेपूट फक्त. एवढा बडबड्या निवेदक, जो दर दोन पानांनी आपल्याला बाजूला घेऊन माणसाच्या ढोंगावर व्याख्यान देतो, तो इथे एक अवाक्षर जास्त बोलत नाही. तो इतर वेळी का बडबडतो हे मला त्या गप्प बसण्यावरून कळलं.

कॉलिन्सचं ‘द वूमन इन व्हाइट’ साप्ताहिक, डिकन्सच्याच ‘ऑल द इयर राउंड’मध्ये, नोव्हेंबर १८५९ ते ऑगस्ट १८६०, चाळीस आठवडे. चित्रं नाहीत, भाग छोटे, म्हणून पकड घट्ट. हा माणूस कायदा शिकलेला, त्याने कादंबरीच कोर्टासारखी रचलीय, प्रत्येकाने आपल्याला जेवढं प्रत्यक्ष माहीत आहे तेवढंच सांगायचं, चित्रकला शिकवणारा मास्तर, वकील, डायरी लिहिणारी मेरियन, स्वयंपाकीण, अगदी थडग्यावरचा मजकूर सुद्धा साक्षीला. कुणाचंच पूर्ण खरं नाही आणि कुणीच पूर्ण खोटं बोलत नाही. साक्षी-पुराव्याची पद्धत घेतली की तारखा चुकवून चालत नाही, आणि ‘टाइम्स’च्या परीक्षकाने तारखांचा एक घोळ पकडलाच, तो कॉलिन्सला नंतरच्या आवृत्तीत दुरुस्त करावा लागला. अ‍ॅपमध्ये मूळ घोळासकट आहे, आणि टीप नंतर येते. छान.

पण यातली माझी लाडकी जागा म्हणजे मेरियन आजारी पडते आणि तिची डायरी तुटक होत होत बंद पडते, अक्षर वाचता येत नाही अशी नोंद येते, आणि त्याखाली दुसऱ्याच हस्ताक्षरात मजकूर सुरू. काउंट फॉस्को, म्हणजे ज्या माणसापासून ती डायरी लपवायची तोच, ती सगळी वाचून काढून वर तिच्या लेखनाची मनापासून तारीफ करतो! अंगावर काटा आला. आतापर्यंत आपण तिच्या खांद्यावरून वाचत होतो, आणि आपल्या मागे अजून एक जण उभा राहून वाचत होता. रक्ताचा थेंब नाही, आरडाओरडा नाही, फक्त निवेदकाची जागा दुसऱ्याने बळकावली.

आता तक्रारी.

पहिली आणि मोठी, समासातल्या टिपा. कुणीतरी शाळकरी उत्साहात प्रत्येक वाक्याला लेबलं लावलीत. इथे प्रतीक, इथे उपरोध, इथे पूर्वसूचना. अरे पूर्वसूचना असं लिहिलं की पुढे काहीतरी वाईट होणार हे कळलंच ना? शार्लट ब्राँटेच्या ‘जेन एअर’मध्ये रॉचेस्टर लग्नाचं विचारतो त्या रात्री वीज पडून चेस्टनटचं झाड दुभंगतं, तिथे टीप आहे की हे दोघांच्या ताटातुटीचं सूचक आहे. धन्यवाद हं.

आणि पाऊस, धुकं, वारा आला की ठरलेलं ‘पॅथेटिक फॅलसी’, म्हणजे निसर्गाला माणसाच्या भावना चिकटवणं. ही संज्ञा कलासमीक्षक रस्किनने १८५६ मध्ये ‘मॉडर्न पेंटर्स’च्या तिसऱ्या खंडात काढली ती कौतुकासाठी नाही, तक्रारीसाठी. किंग्जलीच्या कवितेत समुद्राच्या फेसाला क्रूर, सरपटणारा म्हटलंय त्यावर त्याचं म्हणणं की फेस क्रूरही नसतो आणि सरपटतही नाही, दुःखाने बुद्धी हलली की माणसाला असं दिसतं. म्हणजे बोलणाऱ्याची मनःस्थिती तपासायचं हे हत्यार आहे. एस्थरला धुकं कसं दिसतं आणि त्या दुसऱ्या निवेदकाला कसं, हा प्रश्न विचारला असता तर टीप कामाची झाली असती. इथे नुसता शिक्का मारत सुटलेत.

दुसरी तक्रार हार्डीची, आणि ही मला खरंच फसवणूक वाटली. सर्व्हिसचं वचन काय, तर मूळ छापला गेला तसा मजकूर. ‘टेस’ १८९१ मध्ये ‘ग्राफिक’ साप्ताहिकात आली तेव्हा घरातल्या बायकामुलांनी वाचायचं नियतकालिक म्हणून हार्डीला ती साफसूफ करून द्यावी लागली. अ‍ॅलेक टेसचं शील लुटतो त्या प्रसंगाच्या जागी खोट्या लग्नाचं नाटक घातलं. आणि सगळ्यात विनोदी म्हणजे पाणी साचलेल्या वाटेवरून एंजल त्या दूधवाल्या मुलींना उचलून नेतो तो प्रसंग. साप्ताहिकात त्याने हातगाडी आणली आणि मुलींना गाडीत बसवून पलीकडे सोडलं! पुस्तक आलं तेव्हा हार्डीने मूळ मजकूर परत बसवला. अ‍ॅपमध्ये काय, तर ‘ग्राफिक’चे हप्ते म्हणून सांगतात आणि आत पुस्तकाचाच मजकूर कापून तुकडे केलेत. हातगाडी गायब. ज्या एका कादंबरीत हप्त्याचा आणि पुस्तकाचा फरक सगळ्यात बोलका आहे तिथेच यांनी कष्ट घेतले नाहीत. मी कळवलं, उत्तर आलं की आपला अभिप्राय आम्हाला महत्त्वाचा आहे.

बरं, यांना जमत नाही असंही नाही. एलिझाबेथ गॅस्केलच्या ‘नॉर्थ अँड साउथ’चं त्यांनी बरोबर केलंय. ती १८५४-५५ मध्ये डिकन्सच्या ‘हाउसहोल्ड वर्ड्‌स’मध्ये आली, दोघांची हप्त्यांच्या लांबीवरून चांगलीच ओढाताण झाली, शेवट घाईत आवरावा लागला आणि पुस्तकात तिने शेवटाकडचा भाग वाढवला. अ‍ॅप आधी घाईचा शेवट देतं आणि मग वाढवलेली प्रकरणं. ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’चा पण आधी लिहिलेला उदास शेवट, जो बुल्वर-लिटन या कादंबरीकार मित्राच्या सांगण्यावरून डिकन्सने बदलला आणि जो फॉर्स्टरने १८७४ मध्ये डिकन्सच्या चरित्रात छापला, तो शेवटी जोडलाय. मग हार्डीनेच काय घोडं मारलं होतं?

तिसरी, ‘मिडलमार्च’. जॉर्ज एलियटने ती आठ जाड भागांत काढली, डिसेंबर १८७१ ते डिसेंबर १८७२, आधी दोन दोन महिन्यांनी. तिला महिन्याची ३२ पानं पुरतच नव्हती, कारण तिचं काम घटनेवर चालत नाही, माणसाच्या मनात शिरून बाहेर येण्यावर चालतं. एकाच परिच्छेदात सुरुवातीला निवेदक बोलत असतो, मधे कधी वाक्य कॅसॉबनच्या, म्हणजे नायिका डोरोथियाच्या नवऱ्याच्या, डोक्यातून यायला लागतं, त्याचे शब्द, त्याची मानभावी लय, अवतरण चिन्हं नाहीत, आणि शेवटी परत निवेदक. हे कळायला सलग तासभर वाचायला लागतं. अ‍ॅपने ‘वाचकांच्या सोयीसाठी’ रोजचं पाच मिनिटांचं पुडकं केलंय. एका प्रकरणाची सुरुवात ती डोरोथियापासून करते आणि वाक्य मधेच तोडून विचारते की दरवेळी डोरोथियाच का, नवऱ्याचीही काही बाजू असेल की! हा धक्का बसायला आधी आपण बराच वेळ डोरोथियाच्या बाजूने वाहत गेलेलं असायला हवं. पाच मिनिटांच्या पुडक्यात आपण कुठेच वाहत जात नाही. तेच त्या आरशाच्या दृष्टांताचं: पॉलिश केलेल्या पोलादावर ओरखडे सगळीकडे असतात, मेणबत्ती धरली की तिच्याभोवती गोल गोल जमल्यासारखे दिसतात, आणि ती मेणबत्ती म्हणजे प्रत्येकाचा अहंकार. हे अ‍ॅपमध्ये एका वेगळ्या दिवशी सुट्टं येतं, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या सुविचारासारखं. वाट लावली.

तीन खंडांच्या कादंबऱ्यांसाठी मात्र एक वेगळा मोड आहे आणि तो लोकांना सापडत नाही, सेटिंग्जमध्ये ‘लायब्ररी’ म्हणून आहे. लंडनमध्ये म्यूडीची वर्गणीची लायब्ररी होती, वर्षाला एक गिनी आणि एका वेळी एक खंड. त्यामुळे खंड कुठे संपतो याला फार महत्त्व. ‘जेन एअर’ (१८४७) चा पहिला खंड संपतो रॉचेस्टरच्या पलंगाला लागलेली आग तिने विझवल्यावर, दुसरा मोडलेल्या लग्नावर. हा हप्ता नसला तरी हिशोब तोच आहे, वाचक खंड परत करायला जाणार आणि पुढचा मागणार. एमिली ब्राँटेचं ‘वुदरिंग हाइट्‌स’ पण याच मोडमध्ये घ्या, कारण लॉकवुड सांगतो की नेली डीनने सांगितलं, नेली सांगते की इझाबेलाने पत्रात लिहिलं, अशी पेटीत पेटी आहे, आणि तुकडे केले की कोण बोलतंय तेच विसरायला होतं. नेली काय गाळते, कुणाची चुगली कधी करते, हे पकडायचं असेल तर शनिवार-रविवार बसून एकदम वाचा.

ट्रॉलप सगळ्यांच्या उलटा. ‘बार्चेस्टर टॉवर्स’मध्ये तो मधेच थांबून सांगून टाकतो की काळजी करू नका, एलिनॉर त्या स्लोपशी लग्न करणार नाही, वाचकापासून गुपितं ठेवणं मला पटत नाही. रहस्यच मोडलं आणि तरी आपण वाचतो, कारण आता उत्सुकता अशी की बाकीच्यांना हे कधी कळणार. हा पोस्टात नोकरी करणारा माणूस, घड्याळ समोर ठेवून पाव तासाला अडीचशे शब्द लिहायचा. निबर माणूस.

गद्याचा, म्हणजे कादंबऱ्या सोडून निबंध-विचारांच्या लेखनाचा, पॅक वेगळा घ्यावा लागतो. कार्लाइल, रस्किन, न्यूमन, पेटर. कार्लाइलचं ‘सार्टर रिसार्टस’ म्हणजे एका काल्पनिक जर्मन प्रोफेसरचे कागद राशींची चिन्हं लावलेल्या सहा पिशव्यांत एका बिचाऱ्या संपादकाला मिळालेत आणि तो ते लावत बसलाय, मधे मधे वैतागतोय. राणी गादीवर यायच्या आधीचं आहे हे (१८३३-३४), पण पुढच्या सगळ्यांच्या कानात तोच आवाज आहे, ‘ब्लीक हाउस’मधला वर्तमानकाळी निवेदक वाचताना कार्लाइलच्या ‘फ्रेंच रेव्होल्यूशन’ची आठवण येतेच येते. न्यूमनचं ‘अपोलोजिया’ खरोखरच १८६४ मध्ये दर गुरुवारी पत्रकं काढून आलं होतं, किंग्जलीने खोटेपणाचा आरोप केला त्याला उत्तर म्हणून, त्यामुळे ते हप्त्याने वाचायला मजा येते, दर गुरुवारी वकील नवा मुद्दा घेऊन हजर. पेटरचा मोनालिसावरचा उतारा एकदा मोठ्याने वाचा, येट्सने तो ओळी तोडून कविता म्हणून छापला ते उगाच नाही. पण पॅकमध्ये बाकी नुसते उतारे आहेत, सलग काहीच नाही, आणि रस्किन उताऱ्यात वाचायचा म्हणजे त्याचं ते शंभर-दीडशे शब्दांचं वाक्य दम लागेपर्यंत चढत जातं आणि ज्या मुद्द्यासाठी चढलं तो मुद्दा कापलेला.

किरकोळ गोष्टी. ऑडिओ सुरेख आहे, विशेषतः डिकन्ससाठी, कारण ती पालुपदं मुळात कानासाठीच आहेत, घरात एकाने वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं असा रिवाज होता. नोटिफिकेशनमध्ये प्रकरणाचं नाव येतं आणि थॅकरेची प्रकरणांची नावं कधीकधी सगळं सांगून मोकळी होतात, ते बंद करा. ‘आत्ताच द्या’ बटण आहे, जास्तीचे पैसे घेऊन पुढचा भाग लगेच उघडतो. एकदा वापरलंत की संपलं, मग पुस्तकच का नाही घेतलं. आणि ‘एडविन ड्रूड’ घेतलंत तर लक्षात ठेवा, डिकन्स ९ जून १८७० ला गेला, बारातले सहाच भाग आहेत. अ‍ॅपला बहुतेक हे कुणी सांगितलेलं नाही, सहावा भाग झाल्यावरही मला ‘पुढचा भाग लवकरच’ असे मेसेज येत होते आणि वर्गणीही कापली जात होती. वर्गणी परत मिळाली, पण मेलामेली करून.

नव्याने घेणाऱ्यांनी ‘द वूमन इन व्हाइट’ने सुरुवात करा, साप्ताहिक आहे, दम टिकतो, ऑडिओ चालू आणि टिपा बंद. ते संपत आलं की ‘ब्लीक हाउस’ लावा, मासिकच ठेवा, आणि दहावा भाग येईल तेव्हा जेवताना वाचू नका. गद्याचा पॅक सेलमध्ये असला तरी सोडा. रेटिंग पाचपैकी साडेतीन देतेय, ‘ग्राफिक’मधली ‘टेस’ खरी टाकली तर चार करीन.